रिलेला वगळलं तेव्हा

ट्रकचे सुटे भागही भांडायचे, त्या काळची गोष्ट. एका ट्रकला पुढे दोन जादा दिवे होते. केबिनमधला त्यांचा स्विच भारी मिरवायचा. "दिवे मीच लावतो! बॉनेटखालचा तो रिले नुसता बसून असतो."

रिले म्हणाला, "बाबा रे, तू फक्त इशारा करतोस. दिव्यांचा सगळा करंट मी अंगावर घेतो."

"मग आज मी घेतो!"

वायरींना गंमत वाटली. त्यांनी रिलेला वगळलं आणि थेट स्विचला जाऊन चिकटल्या. घाटात धुकं आलं, ड्रायव्हर तुळशीरामनं स्विच दाबला. दिवे लागले, पण स्विचचं अंग भाजून वितळायला लागलं.

"रिलेदादा, मेलो!"

"दिवे कोण लावतं?"

"तुम्ही! तुम्हीच!"

वायरी धावत रिलेकडे परतल्या, स्विच वाचला.

स्विच अजूनही मिरवतो. फक्त दाबला गेला, की आधी हळूच विचारतो, "दादा, आहात ना?"

रिले मुद्दाम जरा उशिरा उत्तर देतो.