समोरच्या घराचा दिवा

फार पूर्वी, डोंगराच्या उतारावर, सदा धुक्यात बुडालेलं एक गाव होतं. दिव्याखाली अंधार असतोच, म्हणून तिथं एक रीत होती. दिवेलागणीला प्रत्येकानं आपल्या भिंतीतल्या कोनाड्यात दिवा लावायचा, तो समोरच्या घराच्या पायऱ्यांसाठी. आपल्या पायऱ्या समोरचा उजळायचा.

तिथं दोन जावा समोरासमोर राहत. एकदा धाकटीच्या कोंबडीनं थोरलीचे वाळत घातलेले पापड टोचले. एवढंसं कारण, पण थोरलीनं राईचा पर्वत केला. "तिच्या पायऱ्यांसाठी तेल जाळू? मी नाही जाळायची!"

तिनं दिवा लावणंच सोडलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून अंगणात गोणपाट टांगलं. धाकटीचा उजेडसुद्धा दारात नको! स्वतःच्याच पायऱ्या काळोखात गेल्या, पण द्वेषाला एवढं कळत असतं तर काय हवं होतं?

एका संध्याकाळी थोरलीची लेक करडं आणायला गेली आणि दाट धुकं उतरलं. करडं परतली, पोर नाही. थोरली अंगणात धावली. इतक्यात दरीच्या बाजूनं हाक आली, "आई, वाट दिसत नाही गं!"

"जागची हलू नकोस, बाळा!" ती ओरडली. पण धुक्यात आवाजाची दिशा कळेना. पोर भेदरून दरीकडेच सरकू लागली.

थोरलीनं घाईघाईनं कोनाड्यातला दिवा काढला. कित्येक दिवस पडून असलेली वात ओली, बुरसटलेली. चुलीतलं जळतं लाकूड लावलं, तरी नुसता धूर झाला.

आता उरलं ते गोणपाट, दरीकडे जाणारा धाकटीचा उजेड अडवणारं. पण त्यामागे उजेड असेल? 'मी तिच्यासाठीचा दिवा बंद केला, तिनं माझ्यासाठी का लावावा?'

"आई!" हाक आणखी लांबून आली.

थोरलीनं गोणपाट ओरबाडून खाली ओढलं. समोर दिवा जळत होता.

"दिसला गं!" पोर उजेडाच्या रोखानं धावत आली आणि थेट काकूच्या ओट्यावर चढली. काकूनं तिला पोटाशी धरलं.

थोरली मागोमाग धावली आणि धाकटीच्या पहिल्याच पायरीला ठेचकाळली. तिथं मिट्ट काळोख होता. ती हातांनी चाचपडत चढू लागली.

"जपून, जाऊबाई! वरची पायरी सैल आहे."

वर पोहोचताच थोरलीनं लेकीला कवटाळलं आणि तिला रडू कोसळलं. "तू रोज अशी चढतेस? आणि तरी माझ्यासाठी दिवा लावतेस?"

"रागावले तर मीही होते," धाकटी म्हणाली. "पण गोणपाट तुम्ही कधीतरी काढालच. तेव्हा समोर अंधार दिसू नये, एवढंच वाटायचं."

तात्पर्य: द्वेष दुसऱ्याची वाट काळोखी करायला निघतो आणि त्या काळोखात आपलंच लेकरू वाट चुकतं, माया मात्र कुणी पाहत नसलं तरी दिवा लावून ठेवते.