चौदा दिवसांची तहान

एका राज्यात पाऊस पाहुण्यासारखा यायचा आणि घोटभर पाणीही न घेता निघून जायचा. तिथे राजवाड्यासमोर, दिवसभर उन्हात तापणारा एक फुलांचा वाफा होता. त्याचा बहर धूमकर्ण मांत्रिकाच्या डोळ्यांत खुपला. त्याने तो जाळला आणि तिथे उभ्या युवराज जयध्वजाला शाप दिला.

"तळपायापासून दगड होशील. रोज चार बोटं दगड वर चढेल. या वाफ्यात फूल उमललं तरच उतरेल." मग हसून म्हणाला, "ते उमलणार नाही. तुझी मायेची माणसंच उमलू देणार नाहीत."

लग्नाला महिनाच झाला होता. वाड्यातलं कुठलं दार कुठे उघडतं हे सुवेणी राणीला कळायच्या आत तिचा नवरा घोट्यापर्यंत दगड झाला.

युवराजाच्या आईने, थोरल्या राणीसाहेबांनी, गुलाब लावले, जुई लावली. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातलं. सगळं मेलं. सुवेणीने एक मेलेलं रोप उपटून नाकाशी धरलं. मुळं काळी पडली होती, कुजका वास येत होता. पण नवी सून बोलणार काय?

भिंतीवरची टिटवी म्हणाली, "बाकीचे रडले, तू वास घेतलास. तीन कामं सांगते. करशील?"

"करीन."

"वाफ्यात वाळू नि खडी मिसळ. मग उजाड टेकडीवरून कोरांटी, सदाफुली नि गुलबक्षी आणून लाव."

"आणि तिसरं?"

"एकदाच भरपूर पाणी दे. मग चौदा दिवस थेंब नाही. तहान लागली की मुळं खाली जातात."

सुवेणीने खडी वाहिली, टेकडी चढली, रोपं लावून पाणी दिलं. तोवर दगड गुडघ्याला टेकला होता. मग ती वाफ्याशी राखण करत बसली.

सातव्या दुपारीही पानांनी माना टाकल्या. थोरल्या राणीसाहेब झारी घेऊन आल्या.

"सूनबाई, रोपं मरतायत आणि तू बघत बसलीस?"

"संध्याकाळी माना उचलतील, आईसाहेब."

"माझा मुलगा कमरेपर्यंत दगड झालाय!"

"माझा नवराही तिथवरच झालाय, आईसाहेब."

झारी खाली ठेवली गेली. जोरात.

वाफ्यापाशी उभा युवराज म्हणाला, "तुम्ही दोघी भांडून घ्या. मी कुठे जात नाही."

त्यानंतर दगड गळ्याशी आला आणि त्याचा आवाज गेला. नुसते डोळे हलत होते.

चौदाव्या दुपारी सुवेणीच पाण्याचा तांब्या घेऊन धावली. पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. दगड हनुवटीला टेकला होता.

"आधी बोट घाल," टिटवी म्हणाली.

तिने मातीत बोट खुपसलं. वर राखेसारखी कोरडी माती. खाली, पेरभर खाली, गारवा.

ती तांब्या मांडीवर धरून बसली. काहीच न करण्याइतकं अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं.

ऊन कललं. पानांनी माना उचलल्या. कोरांटीची एक कळी थांबली, थांबली आणि उमलली.

दगड खपल्यांसारखा गळून पडला. तिकडे धूमकर्णाचे पाय दगडासारखे जड झाले.

युवराजाने ओठ हलवले. "पाणी."

"घ्या," सुवेणी म्हणाली. त्याने अख्खा तांब्या रिकामा केला.

थोरल्या राणीसाहेब झारी घेऊन आल्याच. "याला तरी आणखी देऊ ना गं?"

"द्या, आईसाहेब. यांना हवं तेवढं द्या."

त्यांचा वाफा जसा तहानेतून फुलला, तसा ऐकणाऱ्यांचाही फुलो.