लाव्हरीचं छप्पर आणि जीपचं पोट

एक होती लाव्हरी, गवतातलं पाखरू. केवढी? आईच्या मुठीएवढी. रंग कसला? मातीचा. बसली की दिसायची नाही. पळाली की थांबायची नाही. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

डोंगरावर जाणारा एक रस्ता होता. मातीचा. चाकांच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी.

लाव्हरी हुशार. तिने हिशेब केला. "चाकं जाणार चाकोरीतून. मधे कशाला कोण येतंय?"

मधल्या गवतात तिने घरटं केलं. घरट्यात अंडी घातली, ठिपक्याठिपक्यांची. वर गवताचं छप्पर केलं, छान गोल.

हिशेब चांगला होता. पण एक गोष्ट राहिलीच. जीपला पोट असतं!

दसऱ्याची सकाळ होती. धोंडूशेठची जीप डोंगरावरून खाली आली. घर्रर्र, घर्रर्र! चाकं गेली चाकोरीतून. पोट गेलं गवतावरून. खस्स्स!

छप्पर गेलं.

अंडी? अंडी वाचली. अगदी थोडक्यात वाचली.

पण लाव्हरी घाबरली. आता जीप रिकामी होती. उन्हं उतरली की शेठ माल भरणार. गूळ भरणार, मीठ भरणार, पोत्यावर पोतं ठेवणार. मग जीप खाली दबणार. पोट आणखी खाली येणार. मग नुसतं छप्पर नाही जाणार. अंडीसुद्धा जाणार!

लाव्हरीने वर बघितलं. "उन्हा, उन्हा, माझ्या अंड्यांना ऊब दे रे. मी आलेच."

 ऊन अंड्यांवर येऊन बसलं.

"भलं होवो तुझं!" लाव्हरी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

डोंगराच्या पायथ्याशी धोंडूशेठचं दुकान. दुकानामागे घर. घरापुढे अंगण. अंगणात जीप. जीपची चाकं काढलेली. जीप लोखंडी घोडीवर उभी. आणि जीपखाली कोण? दोन पाय! धोंडूशेठचे.

धोंडूशेठला कोणी काही शिकवलं नव्हतं. खोलायचं आणि बघायचं, बघायचं आणि जोडायचं. एकदा त्याने मिक्सर खोलला. परत जोडला. एक स्क्रू उरला. मिक्सर चालला, पण ओट्यावर नाचायला लागला! थुई थुई, थुई थुई! शेठची बायको इंदूकाकू चटणीचं भांडं धरून मिक्सरमागे.

आज शेठ जीप उंच करणार होता. शहरातून मोठा खोका आणला होता. खोक्यावर लिहिलं होतं, लिफ्ट किट. शेठ त्याला म्हणायचा उंचीचा खोका. खोक्यात नव्या कमानी. कमानी म्हणजे चाकांवरच्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या. त्यांच्यावर जीप बसते. कमान उंच, तर जीप उंच.

लाव्हरी जीपजवळ गेली.

"जीपमावशी, जीपमावशी, पोट उचल ना!"

"का गं लाव्हरी?"

"माझं छप्पर टिकेना!"

"अगंबाई, माझंही पोट दगडांना घासतं की! पण कसं उचलू? आधी नवी कमान बसू दे. मग मी पोट उचलते."

"बरं. वाट दाखवलीस, भलं होवो!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

लाव्हरी खोक्याकडे गेली. आत नव्या कमानी, काळ्याकाळ्या, चकाचक.

"कमानताई, कमानताई, जागेवर बस ना!"

"का गं लाव्हरी?"

"जीप पोट उचलेना,
माझं छप्पर टिकेना!"

"मी तर केव्हाची तयार! पण माझ्या जागेवर म्हातारी कमान बसलीय. ती नटाने घट्ट धरलीय. आधी नट सुटू दे. मग मी बसते."

"बरं. वाट दाखवलीस, भलं होवो!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

लाव्हरी जीपखाली गेली. बाकीचे नट सुटले होते. एकच उरला होता. लाल लाल गंजलेला, म्हातारा, हट्टी.

"नटआजोबा, नटआजोबा, सुटा ना!"

"का गं लाव्हरी?"

"कमान काही बसेना,
जीप पोट उचलेना,
माझं छप्पर टिकेना!"

"मी कसा सुटू? शेठचा हा पाना आखूड, तो पाना सैल. बघ आता गंमत."

शेठने पाना लावला. जोर केला. सटाक! पाना निसटला. कोपर आपटलं.

"आई गं!" शेठ ओरडला. "अगं, माझा लांब पाना कुठंय?"

"मला काय विचारता?" काकू दारातून म्हणाल्या. "मी काय त्याने पोळ्या लाटते?"

"चार दिवस शोधतोय!"

"शोधा आणखी. पण वरच्या वाडीला माल आजच जायला हवा हं. सणाचा दिवस. लेकरं गुळाची वाट बघतायत."

"हो गं. नाही सापडला पाना, तर संध्याकाळी जुन्याच कमानींवर जातो!"

लाव्हरीचं काळीज धडधड, धडधड!

नटआजोबा हळूच म्हणाले, "ऐकलंस ना? माझ्या मापाचा एकच पाना. तो लांबवाला. आधी तो फिरू दे. मग मी सुटतो."

"बरं. वाट दाखवलीत, भलं होवो!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

लाव्हरीने ओसरी बघितली. पाना नाही. पोत्यामागे बघितलं. पाना नाही. कोपऱ्यात जुना टायर होता. टायरच्या आत वाकून बघितलं.

पाना होता! अंधारात. तोंड फिरवून. गाल फुगवून.

"पानादादा, पानादादा, फिर ना!"

"का गं लाव्हरी?"

"नट काही सुटेना,
कमान काही बसेना,
जीप पोट उचलेना,
माझं छप्पर टिकेना!"

"नाही फिरणार. मी रुसलोय."

"का रे दादा?"

"काल काय होतं? खंडेनवमी! आम्हा हत्यारांचा सण. सगळ्यांना पुसलं. सगळ्यांना पाटावर बसवलं. हातोडीला झेंडू. पकडीला झेंडू. दुकानातल्या तराजूलासुद्धा झेंडू! मी इथे घरंगळलो होतो. मला कोणी हाक मारली नाही. वर्षभर राबतो मी. एक फूल नाही मला?"

लाव्हरी जवळ सरकली. मग म्हणाली, "खरंच रे दादा. वाईट वाटणारच."

पाना जरासा वळला. "आधी मला झेंडू मिळू दे. मग मी फिरतो."

"बरं. वाट दाखवलीस, भलं होवो!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र!

लाव्हरी विहिरीजवळ गेली. तिथे झेंडूचं झाड. सगळी फुलं तोरणात गेलेली. फक्त एक उरलेलं, वरच्या फांदीवर, पिवळंधमक.

"झेंडूमामा, झेंडूमामा, फूल दे ना!"

"का गं लाव्हरी?"

"पाना काही फिरेना,
नट काही सुटेना,
कमान काही बसेना,
जीप पोट उचलेना,
माझं छप्पर टिकेना!"

"देतो की! पण माझ्या पानात अळी बसलीय. खाते कुरुकुरु, मला होतं हुळहुळू. मान हलवता येत नाही मला. आधी अळी मला सोडू दे. मग मी फूल देतो."

"बरं. वाट दाखवलीस, भलं होवो!"

या वेळी लाव्हरी लांब गेली नाही. एक उडी. टुणुक! अळी समोरच होती. हिरवी. गुबगुबीत.

"अळीबाई, अळीबाई, झेंडूला सोड ना!"

"का गं लाव्हरी?"

"झेंडू फूल देईना,
पाना काही फिरेना,
नट काही सुटेना,
कमान काही बसेना,
जीप पोट उचलेना,
माझं छप्पर टिकेना!"

"मी नाही सोडणार! मला भूक लागलीय." कुरुकुरु, कुरुकुरु.

"हो का?" लाव्हरी म्हणाली. "मलाही लागलीय. सकाळपासून मी काही खाल्लं नाही."

आणि लाव्हरीने चोच उघडली. नुसती उघडली हं. आऽऽ!

अळीने चोच बघितली. मग स्वतःचं गुबगुबीत पोट बघितलं.

"अगं आई गं! मी आपली निघते!"

"कुंपणापलीकडे जा," लाव्हरी म्हणाली. "तिकडे कोवळा पाला खूप आहे. पोटभर खा."

"खरंच?"

"खरंच."

"मग आधी नाही का सांगायचं!" अळी म्हणाली. आणि सुटली. लुटुलुटु, लुटुलुटु, टुप!

मग काय झालं?

अळीने झेंडू सोडला.

झेंडूने मान हलवली. पिवळंधमक फूल दिलं. लाव्हरीने ते चोचीत धरलं. फूल मोठं, लाव्हरी छोटी. फूलच चालल्यासारखं दिसलं! तुरुतुरु, तुरुतुरु. या वेळी भुर्रर्र नाही. फूल जड होतं.

तिने टायरमध्ये वाकून फूल ठेवलं. पान्याच्या अंगावर, अलगद.

पाना खुद्कन हसला.

तेवढ्यात काकू अंगणात आल्या. टायरमध्ये पिवळं पिवळं काय चमकतंय? वाकून बघितलं.

"अहो! हा बघा तुमचा लाडका!"

शेठ जीपखालून सरपटत आला. नाकाला ग्रीस, केसांत माती. त्याने पाना हातात घेतला. फूल बघितलं.

"फूल कोणी वाहिलं?"

"मी नाही," काकू म्हणाल्या. "पण आपल्याकडून राहिलं ते कोणीतरी केलं बघा. काल पाटावर हा नव्हताच."

शेठचा चेहरा एवढासा झाला. त्याने पाना सदऱ्याने पुसला. काकूंनी हळद लावली, कुंकू लावलं. शेठने फूल दोऱ्याने पान्याला बांधलं. मग दोन्ही हात जोडले.

"चुकलं रे बाबा. तू आहेस म्हणून माझी जीप आहे. जीप आहे म्हणून दुकान आहे. चल आता, लागू कामाला!"

आणि पाना फिरला! गर्रर्र!

नट सुटला! कर्रर्र... कट्!

"हुश्श!" नटआजोबा म्हणाले. "मोकळं वाटलं बुवा."

म्हातारी कमान उतरली. नव्या कमानी बसल्या. पुढे दोन. धप्प, धप्प! मागे दोन. धप्प, धप्प!

चाकं लागली. घोडी निघाली. जीप जमिनीवर उभी राहिली. केवढी उंच! शेठला आत चढायला उडी मारावी लागली.

जीपने पोट उचललं!

काकूंनी नारळ फोडला. फट्! जीपला तोरण बांधलं. पान्यावरचं ते फूलही सोडलं, आणि तोरणाच्या मधोमध खोवलं.

"स्क्रू उरला का एखादा?" काकूंनी विचारलं.

"एकही नाही!"

"बघा हं. नाहीतर जीप नाचायची."

लाव्हरी मात्र थांबली नाही. उन्हं उतरली होती. तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्रर्र! ती घरट्यात आली. ऊन अजून तिथेच बसलं होतं, तिची वाट बघत. अंडी उबदार होती.

"भलं होवो तुझं. जा आता घरी."

ऊन डोंगरामागे गेलं.

लाव्हरीने घाईघाईने गवत ओढलं. एक काडी, आणखी एक काडी. नवं छप्पर केलं, छान गोल. आणि अंड्यांवर बसली.

घर्रर्र... लांबून आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र! जीप आली. भरलेली. गूळ होता, मीठ होतं, पोत्यावर पोतं होतं. जमीन थरथरली. लाव्हरीने पंख पसरले. डोळे घट्ट मिटले.

घर्रर्र! जीप अगदी जवळ आली.

घर्रर्र! जीप डोक्यावर आली.

खस्स्स झालं का?

नाही.

नुसता वारा आला. फूऽऽऽ! गवत डोललं. आणि जीप पुढे गेली.

लाव्हरीने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. वर बघितलं.

छप्पर होतं!

टुप! छपरावर काहीतरी पडलं. पिवळंधमक. तोरणातलं फूल! जीपमावशीने जाताजाता टाकलेलं. तेच ते. झेंडूमामाने दिलेलं, पानादादाने मिरवलेलं.

फूल फिरून लाव्हरीच्या घरी आलं होतं.

लाव्हरी फुलाखाली बसली. आणि सगळ्यांची नावं घेऊ लागली. हळूहळू. एकेक.

"अळीने झेंडू सोडला,
झेंडूने फूल दिलं,
पाना गर्रकन फिरला,
नट कटकन सुटला,
कमान धपकन बसली,
जीपने पोट उचललं,
माझं छप्पर टिकलं!
सगळ्यांचं भलं होवो!"

तेवढ्यात पोटाखाली आवाज झाला.

टिक.

टिक, टिक.

टिक, टिक, टिक!

एक चोच बाहेर आली. आणखी एक आली. आणखी एक. पिल्लं! बोराएवढी. मातीच्या रंगाची.

आता रोज काय होतं, माहीत आहे? रोज जीप डोक्यावरून जाते. घर्रर्र! पिल्लं माना वर करतात आणि आईसारखंच म्हणतात, "भलं होवो!" मग रांगेत पळतात. पुढे आई, मागे पिल्लं. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, भु...

नाही नाही. भुर्रर्र अजून येत नाही त्यांना. शिकतील.

जीप चढली डोंगरावर, पिल्लं निजली गवतावर, आणि गोष्ट टेकली तुमच्या उशीवर.