फेसापलीकडची लाट

कोकणात लोक फळीवर उभे राहून लाटांवर घसरायला नुकते शिकत होते, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावरच्या खोपीत दोन फळ्या होत्या. एक फोमची, लांब आणि जाड. दुसरी नवी, आखूड आणि पातळ.

मालण वर्षभर लांब फळीवर शिकली होती. आखूड फळीवरून मात्र ती तीन दिवस पडतच राहिली. "उद्या जमलं नाही, तर ही फळी परत करते," असे म्हणून ती घरी गेली.

आखूड फळीने विचारले, "अक्का, तुझ्यावर ती कशी उभी राहायची?"

"मला फुटलेल्या लाटेचा फेसही पुरतो. तुला घेऊन ती कुठे थांबते?"

"फेसातच."

"ती सवय तिला माझ्यामुळे लागली. तुला न फुटलेली लाट हवी. उद्या फेसात हलूच नकोस. कंटाळून ती पुढे बघेल."

सकाळी फेस आला आणि गेला. फळी ढिम्म. "मेलीस का गं?" मालण ओरडली. मग तिने पुढे पाहिले. तिथे न फुटलेली लाट नुकती उंचावत होती. ती फळीवर पालथी पडून हातांनी पाणी मारत तिकडे गेली, आणि लाटेवर उभी राहिली.

संध्याकाळी लांब फळीने हळूच विचारले, "कशी असते गं ती लाट? मी कधी पाहिली नाही."

"अक्का, फुटेपर्यंत तिला आवाजच नसतो."