कोपरावरचे रहिवासी

फार पिढ्यांपूर्वीची गोष्ट. पिढ्या जंतूंच्या, आपल्या मोजणीने गेला सोमवार. उत्तराने वर्गाच्या ब्लॉगवर विचारलं, "माझ्या कोपरावर जंतू राहतात. काय करू?"

"टाचा घासायच्या वजरीने घास," मुलांनी लिहिलं.

दोन दिवसांत कोपर सोलवटलं आणि निम्मे रहिवासी वाहून गेले. बाकावरच्या धुळीतून एक परका जंतू आला. "आत जागा झाली का?"

उरलेल्यांतल्या म्हाताऱ्या जंतूने आजूबाजूला पाहिलं. जागा झाली होती. परका सामान आणायला गेला.

तेवढ्यात गद्रेबाईंनी ब्लॉगवर लिहिलं, "अगं, ते तुझे राखणदार आहेत. वजरी टाचेलाच ठेव."

उत्तराने वजरी ठेवून दिली.

चार दिवसांनी परका पुन्हा आला. खापरपणतवंडांच्या गर्दीतून म्हातारा निवांतपणे म्हणाला, "पुढे बघा. इथं मुंगीला शिरायला जागा नाही."