यसूचे बूट आणि मठाच्या सात पायऱ्या

सातपुड्याच्या पायथ्याशी पिंपळदरा नावाचे गाव आहे. तेथे उजागर महाराज आपल्या गुरूंच्या मठात राहात असत. मठाचे टपाल विसूपंत पाहात. आलेल्या प्रत्येक पत्राला तीन दिवसांत उत्तर जायचे, असा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. एकाच पत्राला उत्तर गेले नव्हते. ते ज्येष्ठात आले होते आणि माघ उजाडला तरी पंतांच्या पोथीत पडून होते. पोथी उघडली की ते दिसे, आणि पंत घाईने पान उलटीत.

पत्र होते शिगरीबाईंचे. बाईंचे खरे नाव सिग्रिड. त्या नॉर्वे देशातून आलेल्या, आणि सहा मैलांवरच्या वाघझरीला मिशनच्या दवाखान्यात राहणाऱ्या. पण त्या औषध देत नसत, सुई टोचत नसत. तापात ज्या पोरांच्या पायांतले बळ गेले, ती पोरे त्यांच्याकडे येत. दिवस उजाडताच पडवीत पाण्याचे हंडे चढत. बाई कांबळ्याचे तुकडे कढत पाण्यात पिळून पोरांच्या मांड्यांभोवती गुंडाळीत, मग आखडलेला गुडघा हळूहळू सरळ करीत. पोरे रडत. बाई त्यांना आपल्या भाषेतली गाणी म्हणून दाखवीत, ती ऐकून पोरे रडता रडता हसत. दुपारी आयांना शिकवीत : घरी पाय कसा धरायचा, किती वेळा वाकवायचा. संध्याकाळी बांबूच्या दोन आडव्या दांड्यांमधून एकेकाला चालवीत. हे बांबू गेनू बुरुडाने बसवून दिले होते, कारण त्याची नऊ वर्षांची यसू त्याच दांड्या धरून पहिल्यांदा उभी राहिली होती.

लोक विचारीत, "बाई, पाय पहिल्यासारखा होईल ना?"

बाई खोटे बोलत नसत. म्हणत, "पहिल्यासारखा नाही होणार. पण चालेल."

यसूच्या पायांना गुडघ्याच्या वरपर्यंत लोखंडी सळया होत्या. सळया लोहाराने घडवल्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट चांभाराने शिवले. बूट काढले की यसू जमिनीवर बसे, घातले की उभी राही. गुरूंच्या पुण्यतिथीला मठाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढून पादुकांपुढे उभे राहायचे, एवढेच तिच्या मनात होते. म्हणून बाईंनी दवाखान्याच्या अंगणात विटांच्या सात पायऱ्या रचून घेतल्या होत्या. मठाच्या पायऱ्या तेवढ्याच. यसू रोज पडे, रोज चढे.

आणि मठात तर चामडे वर्ज्य! म्हणून बाईंनी वेड्यावाकड्या देवनागरीत पत्र लिहिले : 'तुमच्या देवळात जोडे चालत नाहीत हे मला माहीत आहे. मी स्वतः अनवाणी येईन. परंतु यसूचे बूट हेच तिचे पाय आहेत. ते घालून ती आत आली तर चालेल का? तिच्यामागे माझ्याकडे आणखी एकवीस मुले आहेत, तीही विचारतात.'

काय उत्तर द्यावे? पंतांनी सगळे ग्रंथ चाळले. चामड्याचा निषेध सापडला, पण लोखंडी सळयांच्या पोरीविषयी कोठे काही सापडेना. 'यावे' असे लिहून फाडले, 'येऊ नये' असे लिहून तेही फाडले. स्वतःच्या अक्षराखेरीज त्यांचा स्वतःच्या कशावरच भरवसा नव्हता. शिवाय मठाचे कारभारी रंभाजीराव यांची धास्ती. आणि महाराजांना विचारावे, तर एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कसा त्रास द्यायचा? असे करता करता आठ महिने गेले.

बाई मात्र साध्या. नकार आला नाही, म्हणजे होकार आहे, असे त्या समजल्या.

पुण्यतिथीच्या सकाळी सभामंडपात पालखी सजली. गुरूंच्या पादुका आत ठेवल्या. टाळ वाजू लागले. तेवढ्यात खाली अंगणात बैलगाडी थांबली आणि गेनूने यसूला उतरवले. बाईंनी आपल्या वहाणा गाडीतच ठेवल्या होत्या. पंतांनी वरून पाहिले आणि काखेतली पोथी छातीशी आवळली.

पहिल्या पायरीवर यसूने काठी टेकली, तोच रंभाजीराव आडवे आले.

"अरे गेन्या, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चामडं घेऊन देवाच्या दारात?"

"कारभारी, बाईंनी पत्र टाकलं होतं," गेनू चाचरत म्हणाला.

"कसलं पत्र? कोण बाई? ही मालीशवाली?" रंभाजीराव लोकांकडे वळून हसले. "पाय चोळून चोळून पांगळी पोरं धावायला लागली असती, तर आमच्या न्हाव्यानं केव्हाच दवाखाना काढला असता! आज बूट घालून पोर आणली, उद्या घोडा नालांसकट आणतील."

लोक हसले. बाई कानापर्यंत लाल झाल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, बूट काढले तर ती उभी राहू शकत नाही."

"मग रांगत येऊ दे. देवापुढं रांगायला कसली लाज?"

यसू खाली बसली. तिने एक पट्टा सोडला, मग हात थांबला. मान वर न करता ती म्हणाली, "मी नाही रांगणार. मी रांगायचं सोडलंय." आणि पट्टा परत आवळून ती पायरीच्या कडेला धुळीत बसून राहिली.

आपण दोन ओळी लिहिल्या असत्या, तर हे पोर आज येथे असे बसले नसते, हे पंतांना कळत होते. पण ते खाली उतरले नाहीत.

"चला, उचला!" रंभाजीराव वर येऊन भोयांवर ओरडले. आठ भोई वाकले. पालखी हलली नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. पालखी जागची तसूभर उठेना! तालमीतले चार गडी बोलावले. दांडा करकरला, पण पालखी जणू दगडात रुतली होती. शेवटी रंभाजीरावांनी स्वतः खांदा दिला. खांद्यावर वळ उठला, घाम टपकला, आणि ते मटकन खाली बसले. टाळ आपोआप थांबले.

महाराज खांबाला टेकून हे सारे पाहात होते. ते शांतपणे म्हणाले, "पंत, पोथीत काय ठेवलंय तुम्ही?"

या पत्राविषयी त्यांनी कोणाजवळ अवाक्षर काढले नव्हते! त्यांनी पोथी उघडून पत्र काढले आणि सगळ्यांदेखत वाचून दाखवले. 'यसूचे बूट हेच तिचे पाय आहेत' या ओळीवर ते अडखळले आणि ती त्यांनी पुन्हा वाचली.

"उत्तर का नाही दिलंत?"

"शास्त्रात सापडलं नाही, महाराज."

"आठ महिने ग्रंथांत शोधलंत. आम्ही तुमच्यापासून पंधरा पावलांवर बसलो होतो पंत, आम्हाला विचारायचं होतं." महाराजांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून पंतांना ते अधिक लागले. मग महाराज भोयांकडे वळले. "उगाच कशाला जोर लावता रे? नुसत्या पादुका आत आहेत. पाय बाहेर राहिलेत."

एवढे बोलून महाराज सातही पायऱ्या उतरून खाली गेले. यसूपुढे धुळीत बसले आणि आपल्या उपरण्याने त्यांनी तिचे बूट पुसले. आधी उजवा, मग डावा.

"महाराज, चामडं आहे," यसू दबकत म्हणाली.

"आमच्याही अंगावर तेच आहे, बाळ. ऊठ."

यसू उठली. काठी, मग उजवा पाय, मग डावा. खट्. खट्. बाई अनवाणी तिच्या मागच्या पायरीवर होत्या. हात पुढे केलेले, पण धरलेले नाहीत. चौथ्या पायरीवर यसूचा तोल गेला. बाईंनी ओठ आवळले, हात तसेच ठेवले. यसू सावरली. सातवी पायरी चढून ती पादुकांपुढे आली आणि उभी राहिली.

"पालखीला हात लाव," महाराज म्हणाले.

"माझ्यानं कशी उचलवेल?"

"तू उचलू नकोस. तू फक्त उभी राहा."

यसूने काठीचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताची बोटे दांड्याला लावली. भोयांनी नुसता खांदा दिला आणि पालखी अशी अलगद वर आली, की दोघे पुढे झोकांडले! एकच जयजयकार झाला. गेनू बुरूड तोंडाला उपरणे लावून रडत होता.

रंभाजीराव उठून यसूपाशी आले. मानी माणूस; त्यांना कोणी कधी वाकलेले पाहिले नव्हते. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्या बुटावर कपाळ टेकले.

"अहो कारभारी, तुमच्या कपाळाला धूळ लागंल," यसू गोंधळून म्हणाली.

"लागू दे, पोरी."

मग ते बाईंकडे वळून हात जोडून म्हणाले, "बाई, मी फार बोललो." बाईंनीही हात जोडले.

प्रसाद झाला, मंडळी पांगली. बैलगाडी वाघझरीच्या वाटेला लागली. तेव्हा महाराजांनी पंतांना हाक मारली. "आता उत्तर लिहा."

"पण महाराज, बाई तर समक्ष येऊन गेल्या."

"यसूला उत्तर मिळालं. त्या एकवीस जणांना कोण सांगणार?"

पंत बसले. या वेळी एकही कागद फाटला नाही. 'कृ. सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. उत्तरास आठ महिने लागले, हा सर्वस्वी माझा दोष. मुलांना घेऊन यावे. बूट घालून यावे.' सही करणार, तोच दारातून आवाज आला.

"पंत, माझाही नमस्कार लिहा." रंभाजीराव उभे होते. कपाळावरची धूळ त्यांनी पुसली नव्हती. "आणि 'सा. न.' असा तोडका नको. साष्टांग नमस्कार, पूर्ण लिहा."

पंतांनी पूर्ण लिहिला. पाकीट चिकटवले आणि उन्हातच चावडीजवळच्या पेटीकडे निघाले. वाटेत दोनदा त्यांना वाटले, परत जाऊन एकदा वाचून पाहावे. ते परत गेले नाहीत. पेटीच्या फटीत पत्र धरले, क्षणभर तसेच धरून ठेवले, आणि मग सोडून दिले.