दसऱ्याला मिळेल!

राजा दुर्जयरावांनी फर्मान काढलं, "राजवाड्यात ज्याचं त्याला जे द्यायचं, ते वर्षातून एकदाच, दसऱ्याला द्यावं!"

आजवर नोकरांना दर बाजारच्या दिवशी पगार मिळे. पण मोजून मोजून खजिनदाराची बोटं दुखतात, असं दिवाणजींनी महाराजांच्या कानावर घातलं होतं. आणि दसरा तर नुकताच होऊन गेलेला!

दोन बाजार कोरडे गेले. पाणक्याच्या घरी चूल पेटेना. सगुणा परटिणीची तापाने फणफणलेली सासू नुसत्या पेजेवर आली. तेव्हा सगुणा पदर खोचून थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, पगार दसऱ्याला, पण भूक रोज लागते!"

"भुकेला सांग, दसऱ्याला ये!" दिवाणजी म्हणाले. दरबार खो खो हसला.

महाराजांनाही चेव आला. "सगुणे, 'दसरा नको, आत्ता द्या' असं माझ्या तोंडून वदवून दाखव, मी फर्मान फाडतो! पण काम थांबवलंस तर तुरुंगात टाकीन!"

"थांबवते कशाला?" सगुणा म्हणाली आणि मुजरा करून निघाली.

महाराज दिवसातून चारदा पोशाख बदलत. सगुणा रोज गाठोडं नेई, घाटावर धुई, वाळवी. पंधरवड्यात महालातली कपाटं रिकामी झाली. सोळाव्या दिवशी शेजारचे राजे भेटीला वेशीपर्यंत आले, आणि इथे महाराज कमरेला पंचा लावून येरझाऱ्या घालताहेत!

सगुणेला धरून आणलं.

"काम थांबवलंस?" महाराज गरजले.

"छे! सगळे कपडे धुतले, खळ दिली, कडक इस्त्री केली. घरी घड्या रचून ठेवल्यात."

"मग आणून का दिले नाहीस?"

"दसऱ्याला देईन की! ज्याचं त्याला दसऱ्यालाच द्यायचं, असं तुमचंच फर्मान आहे. मी बापडी ते कशी मोडू?"

"दसऱ्याला अकरा महिने आहेत! तोवर मी नेसू काय?"

"तोवर आम्ही खायचं काय, हे ज्यांनी ठरवलं, त्यांनाच विचारा!"

दिवाणजी खांबाआड सरकले. बाहेर तुताऱ्या वाजल्या. पाहुणे दारात! महाराजांनी पंचा घट्ट धरला आणि ओरडले, "दसरा गेला खड्ड्यात! आत्ताच्या आत्ता द्या!"

सगुणेने शांतपणे हात जोडले.

"हो महाराज. पण कोणाकोणाला?"

आपण काय बोलून बसलो, ते महाराजांच्या ध्यानात आलं. मग असे हसले, असे हसले, की पंचा सावरायला दोन हुजरे धावले!

फर्मान तिथेच फाटलं आणि सगुणेच्या घरून कपड्यांची गाठोडी धावत आली. थकलेला पगार त्याच दुपारी वाटला, आणि पुढे दर बाजारच्या दिवशी तो द्यायचा असं ठरलं. सगुणेला जरीचं लुगडं आणि सासूच्या औषधाला राजवैद्य मिळाला.

"आणि माझा पगार, महाराज?" दिवाणजींनी हळूच विचारलं.

महाराज डोळे पुसत म्हणाले, "तुमचा दसऱ्यालाच! खजिनदाराच्या बोटांची तुम्हाला फार काळजी ना!"